माझ्या बेंबीचा मोर्चा

मंगळवार. सकाळचे साडेअकरा. स्थळ, आमच्या भागातल्या पाणीपुरवठा कार्यालयाचं पटांगण. उपस्थिती, रिकाम्या घागरी घेतलेल्या पंचवीस-तीस बायका, तेवढेच पुरुष, दोन पोलीस आणि एक भलामोठा फ्लेक्स. या सगळ्यांच्या मधोमध शर्ट वर करून, पोट उघडं टाकून उभा असलेला एक ज्येष्ठ पत्रकार.

तो पत्रकार मी.

हसू नका. पस्तीस वर्षं कोल्हापुरात पत्रकारिता केलेल्या माणसाची इतकी बेअब्रू कशी झाली, हे मला सांगितलंच पाहिजे. कारण बाकीचे लोक जे सांगत फिरतात, त्यातलं निम्मं खोटं आहे आणि उरलेलं निम्मं ते चुकीच्या क्रमाने सांगतात. तेव्हा बसा. चहा मागवा. माझ्यात साखर नको. का नको, ते पुढे येईलच.

सुरुवात खाजेपासून झाली. नळाला दोन दिवस जरा गढूळ पाणी येत होतं. तिसऱ्या दिवशी आंघोळ करून ऑफिसात गेलो, खुर्चीत मागे रेललो आणि बेंबीत खाज सुटली. माझं पोट, स्पष्टच सांगतो, गेल्या काही वर्षांत टेबलासारखं झालं आहे. खुर्चीत रेललो की त्यावर वर्तमानपत्राची घडी राहते, चहाचा कप राहतो, वेळ पडली तर बशीही राहते. पण या टेबलाच्या मधोमध एक खड्डा आहे आणि त्या खड्ड्याशी माझा कधी संबंध आला नव्हता. तुमचा येतो? खरं सांगा. माणूस दात घासतो, कान कोरतो, नखं काढतो. बेंबी कोण बघतं?

तर खाज सुटली. मी खाजवली. दुसऱ्या दिवशी लाल झाली, मग ओलसर झाली आणि मग एक वास येऊ लागला. मला वाटलं, ऑफिसातल्या जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांखाली उंदीर मेला असावा. शिपायाला बोलावून सगळे गठ्ठे हलवून घेतले, त्याच्यावर ओरडलोही. उंदीर सापडला नाही. संध्याकाळी वास माझ्यामागोमाग घरी आला.

जेवताना बायकोने तो बरोबर ओळखला. सुनंदा हायस्कूलात विज्ञान शिकवून निवृत्त झाली आहे. निवृत्त म्हणजे फक्त शाळेतून.

"अहो, शर्ट वर करा."

"जेवताना?"

"करा म्हणते ना."

तिने मोबाईलचा उजेड पाडला आणि प्रयोगशाळेत बेडूक बघावा तशी माझी बेंबी बघितली.

"पाणी सुटलंय. वास आहे. आणि लाली कडेनं पसरायला लागलीय. उद्या डॉक्टरला दाखवा."

"खाजेसाठी डॉक्टर?"

"नुसती खाज असती तर मीच म्हटलं असतं, स्वच्छ धुवा, कोरडी ठेवा, दोन दिवस वाट बघा. ही नुसती खाज नाही. त्यात तुमच्या घरात शुगर आहे. मामंजींच्या पायाचं बोट कसं गेलं, विसरलात? त्यांनाही आधी खाजच होती."

हे तिने बोलायला नको होतं. वडिलांचं बोट काढलं तेव्हा मी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. त्या दिवसापासून मी स्वतःची शुगर तपासलेली नाही. तपासलीच नाही, म्हणजे मला शुगर नाही. जी बातमी आपण छापली नाही ती घडलीच नाही, असं मानणारे आमच्या धंद्यात पुष्कळ आहेत. मी त्यांना आयुष्यभर शिव्या घातल्या आणि या एका बाबतीत त्यांच्यात जाऊन बसलो.

आणि जायचं म्हटलं तरी कुणाकडे जायचं? मी दवाखान्यांच्या बिलांवर मोठी लेखमाला लिहिली होती. कापसाच्या बोळ्यापासून खाटेच्या भाड्यापर्यंत सगळं बाहेर काढलं होतं. तेव्हापासून या शहरात मला ओळखत नाही असा डॉक्टर उरलेला नाही. त्यांच्यासमोर मी शर्ट वर करून उभा राहू? 'या, या. आमच्या बिलातला कापूस मोजत होता ना? आता तुमच्या बेंबीत किती जातो ते मोजू,' असं एखादा म्हणाला तर मी कुठे तोंड लपवायचं?

म्हणून मी घरचा उपाय केला. खोबरेल तेलात हळद कालवली आणि खड्डा भरून टाकला. सुनंदा काही बोलली नाही. बायको बोलायची थांबली की नवऱ्याला वाटतं आपण जिंकलो. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी मला तसंच वाटलं.

आता पुढची मंडळी. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक मिसळीचं हॉटेल आहे. तिथे मी रोज सकाळी जातो आणि फक्त चहा घेतो. दिवाळीत मी पित्ताने आडवा झालो होतो, तेव्हा सुनंदाने देवासमोर उभं करून मला मिसळ सोडायला लावली. घरात तर तेव्हापासून मटकीच येत नाही. म्हणून फक्त चहा. ही नोंद करून ठेवा.

तिथे माझ्या टेबलावर दोघे असतात. एक संपतराव माने. फौंड्रीतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून कृती समित्या काढतात. बाहेरगावच्या माणसाला म्हणून सांगतो, कोल्हापुरात दोघांची एकच तक्रार निघाली की कृती समिती होते आणि तिसरा आला की निमंत्रक ठरतो. तो तिसरा नेहमी माने असतात. दुसरे रफिकभाई. त्यांचं टेलरिंगचं दुकान हॉटेलला लागूनच आहे. माझ्या पँटी तेच शिवतात, त्यामुळे माझ्या पोटाचा सगळा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे.

"काय पत्रकार, सारखा पोटाला हात का?" मान्यांनी विचारलं.

"खाजतंय."

"कुठं?"

सांगितलं. रफिकभाईंनी बशी खाली ठेवली. "बेंबीत? हिंग लावा, साहेब. आमच्या अम्मी पोरांना लावायच्या. पोरगं रडायला लागलं की बेंबीवर हिंग."

"मी रडत नाही, रफिकभाई. खाजतंय."

"मग जरा जास्ती लावा."

"हिंगानं काय हुतंय?" माने म्हणाले. "मिठाच्या पाण्यात लिंबू पिळायचं आन् बेंबीत वतायचं. फौंड्रीत कापलं-खरचटलं की आमी ह्येच करत हुतो. झोंबतंय, पर जंतू जाग्यावर मरतंय."

"आणि माणूस?"

"माणसाचं काय न्हाय. माणूस ओरडतंय आन् गप बसतंय."

मी दोन्ही केलं. आदल्या दिवशीच्या तेल-हळदीवर हिंग आणि हिंगावर मीठ-लिंबू. बेंबीच्या देठापासून ओरडणे हा वाक्प्रचार मी माझ्या लेखांत शेकडो वेळा वापरला असेल. त्याचा अर्थ मला त्या दिवशी न्हाणीघरात कळला.

खाज गेली नाही. उलट लाली हाताच्या तळव्याएवढी झाली. संध्याकाळी अंग कोमट लागायला लागलं. सुनंदाने थर्मामीटर लावला, आकडा बघितला आणि पुसून ठेवून दिला. मला सांगितला नाही. मीही विचारला नाही. मला ताप नव्हता, मला संताप होता.

कारण तोवर माझ्यातला बातमीदार जागा झाला होता. बातमीदाराचा पहिला प्रश्न असतो, याला जबाबदार कोण? आणि उत्तर समोर होतं. दोन दिवस गढूळ पाणी, तिसऱ्या दिवशी आंघोळ, लगेच खाज. यापेक्षा स्वच्छ पुरावा कुठे मिळतो? मी ऑफिसात बसलो आणि तासाभरात बातमी ठोकली. मथळा दिला, 'गढूळ पाण्याने नागरिक त्वचाविकाराने हैराण'. आत लिहिलं, एका ज्येष्ठ नागरिकाची प्रकृती चिंताजनक. तो नागरिक मी. सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार हा प्रकार गंभीर आहे. ती सूत्रंही मीच. परिसरात संतापाची लाट. लाट माझीच होती आणि परिसर म्हणजे आमचा हॉल. दुसरी बाजू घेतल्याशिवाय बातमी द्यायची नाही, हे मी नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवलं आहे. इथे दुसरी बाजू पाण्याची होती. पाणी काय बोलणार?

बातमी छापून आली आणि सकाळी हॉटेलात जाऊन बघतो तर काय, सगळे खाजवतायत.

"वाचलं बगा तुमचं," माने पाठ भिंतीला घासत म्हणाले. "आन् वाचता वाचताच पाठीला सुटली. म्हंजी मलाबी पाण्याचंच झालंय की."

"मला टाचेला," रफिकभाई म्हणाले. "चार दिवस झाले. म्हटलं कशाचं, तर हे."

गल्ल्यावरचा हॉटेलवाला मान खाजवत म्हणाला, "मीबी त्याच नळाचं पाणी वापरतोय, साहेब. पर त्ये छापू नका."

मला सांगा, पत्रकाराला यापेक्षा मोठा आनंद कोणता? पस्तीस वर्षांत माझी एकही बातमी इतक्या लवकर लोकांच्या अंगाला लागली नव्हती.

चहा संपायच्या आत कृती समिती झाली. निमंत्रक, संपतराव माने. खजिनदार, रफिकभाई, कारण ते दुकानात कायम बसून असतात. मला पद मिळालं नाही. माने मला म्हणाले, "तुमी पुरावा हाईसा." मंगळवारी घागर मोर्चा ठरला. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर हात जोडलेले माने एवढे मोठे आणि खालच्या कोपऱ्यात रेशनकार्डावरच्या फोटोएवढा मी. माझ्या फोटोखाली एकच शब्द होता, 'पीडित'.

"मला विचारून तरी छापायचं," मी मान्यांवर ओरडलो.

"तुमी कुणाला इचारून छापता व्हय?"

घरी आलो तर सुनंदा घागर घासत बसली होती.

"हे काय?"

"मोर्चाला येते की मीपण. नवऱ्याच्या बेंबीचा प्रश्न आहे."

मला इथेच संशय यायला हवा होता. ही बाई माझ्या सत्काराला कधी आली नाही, ती माझ्या मोर्चाला कशी येते? पण माझा ऊर भरून आला. मी तिला म्हणालो, तू बायकांच्या पुढे चाल. ती म्हणाली, चालते.

मोर्चा चांगला झाला. घोषणा मान्यांनी रचल्या होत्या. "खाजवणारं पाणी, बंद करा, बंद करा." यमक जुळत नव्हतं, पण आवाज होता. मी मधे चालत होतो. अंगात कणकण होती, शर्टाचं कापड पोटाला चिकटत होतं आणि प्रत्येक पावलाला बेंबीत कळ जात होती. घागरी वाजत होत्या. रस्त्यावरचे लोक विचारत होते, "पावणं, कशाचा मोर्चा?" आणि मोर्चातल्या बायका माझ्याकडे बोट दाखवत होत्या.

पाणीपुरवठ्याचे साहेब बाहेर आले. तिशी-पस्तिशीचे, शांत. मी असल्या शांत माणसांना चांगला ओळखतो. हे लोक 'माहिती घेऊन सांगतो' म्हणतात आणि निवृत्त होईपर्यंत माहितीच घेत राहतात. मी प्रश्नांची तयारी करून गेलो होतो. साहेबांनी बायकांकडे बघितलं आणि सुनंदाला वाकून नमस्कार केला.

"नमस्कार, बाई."

"बरा आहेस ना रे?"

गर्दीत कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही अर्धंच गेलं.

साहेबांनी कार्यालयाच्या नळाचं पाणी एका ग्लासात घेतलं, सगळ्यांच्या देखत प्यायले आणि ग्लास उपडा धरून दाखवला. मग म्हणाले, "वरच्या टाकीची दुरुस्ती होती, म्हणून दोन दिवस पाणी गढूळ आलं. ते आम्ही आधी कळवायला हवं होतं, ते राहिलं. पण पाणी तपासलंय आणि ते चांगलं आहे. तरीही कुणाला त्रास झाला असेल तर मी डॉक्टर बोलावलेत. बाधितांनी पुढं यावं."

कुणीच पुढे येईना.

"संपतराव, तुमची पाठ," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"ती काल थांबली की."

"रफिकभाई, टाच."

"नवी चप्पल होती, साहेब. चावली होती. तेल लावलं, मऊ झाली."

"टाच?"

"चप्पल."

आता मला सांगा, याला काय म्हणायचं? माझ्या जिवावर समिती काढली, फ्लेक्स लावला, आणि खाजवायची वेळ आली तेव्हा मी एकटा. सगळा मोर्चा माझ्याकडे बघत होता. गर्दीतून वाट काढत एक तरुण डॉक्टरीण पुढे आली. गळ्यात स्टेथोस्कोप, हातात छोटी पेटी. माझी लेखमाला वाचलेली असण्याइतकं तिचं वय नव्हतं, एवढाच दिलासा.

"काका, शर्ट वर करा."

"इथं?"

"करा की पत्रकार," माने म्हणाले. "पुरावा हाय त्यो. लपवून कसं चालंल?"

मी शर्ट वर केला. पहिली रांग मागे सरकली. ती वासाने सरकली, हे मी मान्य करतो. डॉक्टरीण मात्र वाकली आणि बघत राहिली.

"किती दिवस झाले?"

"प्रश्न मी विचारायला आलोय," मी म्हणालो.

"विचारा ना. तोवर उत्तरं द्या. ताप?"

"नाही."

"आहे," मागून सुनंदा म्हणाली. "दोन दिवस संध्याकाळी आला होता."

"शुगर?"

"नाही."

"कधी तपासली?"

या प्रश्नावर मी आकाशाकडे बघितलं. मी ज्यांना प्रश्न विचारतो ते सगळे असेच आकाशाकडे बघतात, हे मला तेव्हा आठवलं.

"काय काय लावलंय यात?"

"खोबरेल तेल."

"अजून?"

"हळद."

"अजून?"

"हिंग," रफिकभाई पुढे येऊन अदबीने म्हणाले. "ते मी सांगितलं होतं."

"मीठ आन् लिंबू माझं," माने म्हणाले. श्रेय कुठे मागे ठेवायचं नाही, हा त्यांचा स्वभाव.

डॉक्टरीण सरळ उभी राहिली. मग म्हणाली, "काका, मोहरीची डाळ तेवढी राहिली. नाहीतर लोणचं झालं होतं."

तीस बायका एकदम हसल्या. घागरी एकमेकींवर आपटल्या. दोन्ही पोलीस हसले. ज्यांच्या विरोधात मोर्चा होता ते साहेबसुद्धा तोंड फिरवून हसले. हसले नाहीत फक्त माने. ते रफिकभाईंना विचारत होते, "लिंबू बियांसकट पिळाय पायजे हुतं व्हय?"

मला आत नेलं. ती कार्यालयाची सामानाची खोली होती. जुने मीटर, नळाचे तुकडे, गंजलेले व्हॉल्व्ह, आणि त्यांच्या शेजारी बाकावर आडवा केलेला मी. सुनंदा डोक्याशी उभी राहिली. मागोमाग माने आणि रफिकभाईही आले. डॉक्टरीण म्हणाली, बाहेर थांबा. माने म्हणाले, आम्ही समिती आहोत. तिने बेंबीवर औषधाच्या पाण्यात भिजवलेला बोळा ठेवला, आतलं मऊ होऊ दे म्हणाली, आणि तोवर माझं बोट धरून त्याला टोचलं. मी ओरडायच्या आत टोचून झालं होतं.

यंत्रावर आकडा आला. तो मी छापणार नाही. तिने तो सुनंदाला दाखवला आणि सुनंदाने डोळे मिटले.

"काका," डॉक्टरीण आता हसत नव्हती. "शुगर वाढलेली असली की असल्या ओल्या खोबणीत बुरशी माजते. तुम्ही वरून तेल घालून ती ओल कोंडून ठेवली आणि खाजवून खाजवून जखम केली. आता त्यात पू झालाय आणि लाली पोटाच्या कातडीत उतरायला लागलीय. साधी खाज असती तर पाण्याने धुऊन, नीट कोरडी करून दोन-तीन दिवस थांबलात तरी चाललं असतं. पण वास आला, पू आला, लाली पसरली, ताप आला, दुखायला लागलं किंवा गाठ लागली, की त्याच दिवशी दाखवायचं. आणि शुगरवाल्यानं तर यातल्या एकाचीही वाट बघायची नाही. अजून चार दिवस मोर्चे काढत बसला असतात, तर तुम्हाला भरती करावं लागलं असतं."

मी वरच्या पत्र्याकडे बघत राहिलो. मला तो ऑपरेशनच्या खोलीबाहेरचा बाक आठवत होता. सुनंदाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला एकदम काहीतरी आठवलं.

"तो साहेब तुला बाई म्हणाला."

"माझ्या वर्गात होता. दहावीला."

"म्हणजे?"

"म्हणजे परवा मी त्याला फोन केला. म्हटलं, मोर्चा येतोय, पाण्याचं तुझं तू बघ, पण एक डॉक्टर तेवढा बोलावून ठेव. तुम्ही काही डॉक्टरकडं जाणार नव्हता. मग डॉक्टरलाच मोर्चाकडं आणलं."

बघा. घरातच फितुरी. मी तिला मोर्चाच्या पुढे चालवलं आणि ती मला दवाखान्यात घेऊन चालली होती. मी रागाने उठून बसणार, तेवढ्यात डॉक्टरीण म्हणाली, हलू नका, आणि चिमटा आत घातला.

पहिल्यांदा एक पिवळा, चिकट, हिंगाच्या वासाचा गोळा आला. मग बनियनचे धागे आले. मग तिचा हात थांबला.

"काका, आत काहीतरी आहे."

गाठ, मी मनात म्हणालो. वडिलांचं बोट, आणि माझी गाठ. मी सुनंदाचा हात घट्ट धरला. डॉक्टरिणीने चिमटा हळूच फिरवला, ओढला आणि उजेडात धरला.

मटकी होती. एक दाणा. मोड आलेला.

सगळे त्या दाण्यावर वाकले. मी सगळ्यांत आधी सावरलो. बातमीदाराला सावरावंच लागतं.

"बघा," मी आडवा असतानाच गरजलो. "मोड फुटलाय. दूषित पाण्यानं माझ्या पोटात मोड फुटला. साहेबाला बोलवा."

"कुठनं बी असंल," माने कौतुकाने म्हणाले, "पर रुजली की हो."

"जमीन चांगली आहे," रफिकभाई म्हणाले.

सुनंदाने डॉक्टरिणीकडून एक हातमोजा मागून घेतला. तो घातला, दाणा बोटांत धरला आणि हलकेच दाबला. दाणा सहज पिचला. तिने तो नाकाजवळ नेला, परत उजेडात धरला. वर्गात फळ्यासमोर उभी राहायची तशी ती उभी राहिली.

"मटकी कच्ची असती तर टणक असती, दाबली तरी फुटली नसती," ती म्हणाली. "ही शिजलेली आहे. आणि शिजलेल्या मटकीला कधी मोड येत नाही. मोड आणून मग शिजवतात. म्हणजे मोड आत फुटलेला नाही. तो घेऊनच ती आत गेली. आणि हा तांबडा रंग हळदीचा नाही. हा कटाचा आहे."

कट म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा, हे तुम्हाला सांगायला नको. त्या खोलीतही कुणाला सांगावं लागलं नाही.

"रफिकभाई," सुनंदा म्हणाली, "हे हॉटेलात काय घेतात?"

"चहा," रफिकभाई म्हणाले आणि व्हॉल्व्ह बघू लागले.

"संपतराव?"

"मी निमंत्रक हाय, वैनी. खाण्यापिण्याचं माझ्याकडं न्हाय."

पुढचं थोडक्यात सांगतो. गोळ्या चालू झाल्या, मलम चालू झालं. लाली उतरली, ताप गेला, बेंबी बरी झाली. रोज आंघोळीनंतर ती कोरडी करतो, तेल-बिल काही घालत नाही. शुगरच्या गोळ्या आता कायमच्या. डॉक्टरीण म्हणाली, बेंबीनं वेळेवर सांगितलं, आभार माना. मी बेंबीचे आभार मानत नसतो, पण चहात साखर घेत नाही. पाण्याचा अहवाल चांगला आला. आमच्या संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, तुमचं सूत्र कोण होतं? मी सांगितलं, मी सूत्र उघड करत नसतो. शेजारच्या दैनिकाने मात्र पहिल्या पानावर चौकट टाकली, 'पाणी स्वच्छ, पत्रकाराच्या बेंबीत मटकी'. त्यांनी दोन्ही बाजू घेतल्या होत्या. माझी बाजू त्यांना मान्यांनी दिली.

समिती अजून आहे. ती आता गटारींवर काम करते. फ्लेक्स तोच आहे, फक्त माझ्या फोटोवर कागद चिकटवलाय.

राहिला एक मुद्दा. तो सुनंदा आठवड्यातून दोनदा तरी जेवताना काढते. पस्तीस वर्षं मी मोठमोठ्या माणसांना उत्तरं मागितली. 'माहिती घेऊन सांगतो' म्हणणाऱ्याला कधी सोडलं नाही. सध्या मी माहिती घेतो आहे. हॉटेलवाल्याकडे चौकशी केली, तो म्हणतो, आपल्याला काय ठाऊक न्हाय. रफिकभाई विषय निघाला की टेप घेऊन कुणाचं तरी माप घ्यायला लागतात. माझ्या खुर्चीची आणि माझ्या पोटावर राहणाऱ्या बशीची चौकशी करायला मी अजून कुणाला परवानगी दिलेली नाही.

आमच्या घरात दिवाळीपासून मटकी आलेली नाही.